मागं बघायचं न्हाई

महाळुंगे पडवळ
६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार घालते, पण अर्धाच. उरलेला अर्धा तू बोलायला लागलास की घालीन.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. ह्यांचा केलास, हर्षालीचाही केलास. भाचीच्या लग्नाला महिना राहिला असताना मामानं तिचा नंबर ब्लॉक करावा, असं आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यांच्याकडं फोन नव्हते ही गोष्ट वेगळी. पण पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून निघालेलं नाही, म्हणून हे पत्र. बचत गटाचं इतिवृत्त लिहून लिहून माझा हात बसलाय, त्यामुळं पानं भरायची मला काळजी नाही. तू म्हणशील, मी वाचणार नाही. वाचशील. चष्मा लावून, गोठ्यात बसून, कुशावहिनीला दिसणार नाही अशा बेतानं वाचशील.

साखरपुड्यात काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलं. भगवंत भावजींच्या हातात माईक दिला तिथंच माशी शिंकली. त्यांनी सोसायटीचे चेअरमन बोलावले, आजी सरपंच बोलावले, माजी सरपंच बोलावले, कुणाच्या तरी मेव्हण्याचे मित्र बोलावले. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ आणि फोटो. मान्यवर काही संपेनात आणि मुलीचा सख्खा मामा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेला. शेवटी मान्यवर संपायच्या आधी टोप्या संपल्या आणि पंगत बसली. तू न जेवता उठून गेलास. भावजींना मी त्याच दिवशी असं झाडलं की अजून ते आमच्या दारावरून जाताना गाडी बंद करून ढकलत नेतात.

पण दादा, टोपीवरून रुसायला काही मुदत असते की नाही? आपल्याकडं टोपीवरून रुसलेला माणूस आठ दिवसांनी पुरणपोळीवर राजी होतो. ह्यांच्या चुलत्याचं तर चार दिवसांत भजीवर भागलं. तू दुसरा महिना लावलास.

आता कामाचं. घरच्या लेकीबाळीच्या लग्नाची पहिली अक्षत डोंगरावरच्या कळमजाईला जाते आणि ती मुलीचा मामा नेतो, ही रीत मी तुला सांगायला नको. पत्रिका आणि कुंकवाचे तांदूळ देवीपुढं ठेवायचे, तोंडानं आमंत्रण द्यायचं, आणि मगच खाली येऊन बाकीच्या पत्रिका वाटायच्या. पत्रिका छापून आल्यात. गठ्ठा कपाटावर पडलाय आणि मला त्यातली एकही वाटता येत नाही. व्याह्यांचा रोज फोन येतो. मी रोज प्रेसवाल्याच्या नावानं बोटं मोडते. तो बिचारा काल रस्त्यात भेटला आणि मला चहाला बोलावत होता.

मंगळवारी मी येते. तू चल. नाही आलास तर मीच घेऊन जाईन वर. तासाभराचा तर डोंगर.

आणि कुशावहिनीचा आणि माझा काहीही संबंध नाही. तिनं मला फोन केलेला नाही. तू रोज दोन्ही गुडघ्यांना तेल चोळून घेतोस, हे मला स्वप्नात दिसलं.

भागू


महाळुंगे पडवळ
११ फेब्रुवारी

दादा,

काल तू मला ओळख दिली नाहीस, पण तुझ्या म्हशीनं दिली. गोठ्यामागूनच डोंगराची वाट सुटते, त्याला मी काय करू? लपून जायचं म्हटलं तरी तुझ्या बाजेपुढूनच जावं लागतं. तू बाजेवर बसलेला. आम्हाला पाहिलंस आणि तोंड चंद्रीकडं केलंस.

"चंद्रे, दव हाय अजून गवतावर. ऊन वर आल्याबिगर डोंगराला लागू नये मान्सानं. आन् डाव्या अंगाला घसारा हाय, तिकडं मरायला जाऊ नये."

मी पण म्हटलं, "चंद्रे, तुझ्या मालकाला सांग, ह्या डोंगरावर मी करवंदं खाल्लीत. मला नको शिकवू."

चंद्री बिचारी एकदा तुझ्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. हर्षालीबरोबर ती उंच मुलगी होती ना, ती जास्मिन, जुन्नरची, कॉलेजातली मैत्रीण. दर रविवारी कुठला ना कुठला किल्ला चढते. ती मला हळूच विचारते, "काकू, मामा म्हशीशी इतकं बोलतात?" मी म्हटलं, "हो, फार हुशार म्हैस आहे."

तर आम्ही जाऊन आलो. छान झालं. ऊन लागायला लागलं म्हणून वरपर्यंत गेलो नाही, एवढंच.

वहिनीनं तुला सांगितलं असेलच, म्हणून आता खरं लिहिते. आम्ही निम्म्यावरसुद्धा पोचलो नाही. सकाळी थंडी अशी होती की जास्मिनच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि ते वाळलेलं पिवळं गवत दवानं इतकं निसरडं झालं होतं की तेल सांडलंय म्हणावं. मी घातलेल्या चपला. जास्मिनचे बूट डोंगराचे, हातात दोन दोन काठ्या, तरी तीसुद्धा दोनदा बसली. कुसळं तर विचारू नको. साडीला, परकराला, पदराला, हर्षालीच्या केसांत. वाटेतल्या आंब्याच्या वर गेलो आणि वाटच दिसेना. मी डावीकडून घुसले. हो, डावीकडूनच. घसाऱ्यावर पाय ठेवला आणि जी बसले ती बसूनच पार करवंदीच्या जाळीपर्यंत आले. अक्षतेची पिशवी दातात धरली होती म्हणून वाचली. साडी गेली. हर्षाली आधी घाबरली आणि मग इतकी हसली की तिलाच खाली बसावं लागलं. नवरी मुलगी आहे म्हणून सोडली.

तिथं बसल्या बसल्या मी कुसळं काढत होते, आणि मला एक गोष्ट दिसली. तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही.

वाट मोडली होती, दादा.

तू दर मंगळवारी दिवा लावायला वर जातोस. दसऱ्याला कोयता घेऊन सगळी वाट साफ करतोस. इतकी वर्षं त्या डोंगरावर दुसरं कुणी गेलं न गेलं तरी तुझ्या एकट्याच्या पायानं वाट उघडी राहायची. आणि काल वाटेच्या मधोमध कमरेएवढं गवत उभं होतं, पावसाळ्यात उगवलेलं, जागच्या जागी वाळलेलं. एक काडी मोडलेली नव्हती. म्हणजे पावसाळ्यापासून तू वर गेलाच नाहीस. साखरपुडा तर डिसेंबरात झाला.

मग मला सगळं उलगडत गेलं. आम्ही पोचलो तेव्हा तू बाजेवर होतास, परतलो तेव्हाही बाजेवरच. मी घसरले तेव्हा हर्षालीची किंकाळी तुझ्यापर्यंत आली असणार. तू उठून उभा राहिलास, वहिनी सांगते, चार पावलं आलास आणि गोठ्याचा खांब धरून थांबलास. वहिनीनं हे मला सांगितलेलं नाही.

तू टोपीवर रुसलास ते खरंच असेल, पण आठ दिवसांपुरतं. पुढं तू रुसला नाहीस, लपलास. गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या, डोंगर होत नाही, आणि भाचीच्या अक्षतेला मामाला डोंगर चढता आला नाही हे चारचौघांत दिसू नये म्हणून टोपीचं निमित्त धरून बसलास. आणि आम्ही सगळे वेडे. टोपीवरून रुसणं आपल्याकडं इतकं घरोघरचं आहे की दुसरं काही कारण असेल असं कुणाच्या मनातच आलं नाही. तू दारूवरून रुसला असतास तर आम्ही विचारपूस तरी केली असती.

मला ह्याचा राग आलाय. गुडघ्यांचा नाही. तू मला सांगितलं नाहीस ह्याचा. तुझी पोरं दूर, आपले आईबाप गेले, मला माहेर म्हणून तू एकटा उरलास, आणि तू म्हशीशी बोलतोस.

मी अक्षत दुसऱ्या कुणाकडून पाठवणार नाही. भावजी म्हणत होते, ड्रोननं पाठवू, त्यांच्या ओळखीत फोटोवाला आहे. त्यांना मी पुन्हा झाडलं. मला गुडघे नकोत दादा, मला मामा पाहिजे. सकाळी निघू आणि संध्याकाळी पोचू. देवीला कुठं एसटी पकडायचीय?

भागू


महाळुंगे पडवळ
१७ फेब्रुवारी

दादा,

तुझा निरोप पोचला. वहिनीनं मला फोन केला असं मी म्हणत नाही, पण पोचला. तू तिला म्हणालास म्हणे, "त्या पत्र लिव्हनाऱ्या बाईला सांग." त्या बाईनं ऐकलं. तुझ्या अटी अशा पोचल्या, चूक असेल तर कळव, म्हशीमार्फत कळवलंस तरी चालेल.

मंगळवारी जायचं, पण दव उतरल्यावर. वर जाताना मी पुढं चालायचं, तू मागून येणार. मागं बघायचं न्हाई. "दमलास का, बसू या का, पाणी देऊ का" असलं काही विचारायचं न्हाई. पोरींनी पुढं निघून जायचं आणि मोबाईलवर कसलंही शूटिंग करायचं न्हाई.

मान्य. सगळं मान्य. मागं बघायचं नाही ही अट ऐकून मी अर्धा तास रडले आणि मग कांदे निवडायला गेले. ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कांदे. ह्यांना अजून कळलेलं नाही की कांदा कापल्यावर डोळ्यांत पाणी येतं, निवडल्यावर नाही.

आता माझ्या अटी ऐक. काठी घ्यायची. गुडघ्यांना बांधायचे पट्टे आजच्या पार्सलनं येतायत, ते आधी घरात घालून बघायचे. उलटे घालू नको, चित्र दिलंय. मंचरच्या डॉक्टरांना मी विचारलं, ते म्हणाले, सावकाश चढू दे, उतरताना जपायला सांगा. आणि कातळाचा जो टप्पा आहे ना, देवळाच्या जरा खाली, तिथं तू हात द्यायचास. मी नको म्हणणार नाही आणि तूही म्हणायचं नाही.

शिवाय मी काही बोलले तर उत्तर मला द्यायचं. चंद्रीला तिथं न्यायचं नाही.

हर्षाली आणि जास्मिन रविवारी कोयते घेऊन येतायत वाट काढायला. जास्मिनच्या आईनं, जन्नतबीनं, हर्षालीला फोनवर बजावलंय की नवरीच्या हाताला कोयता लागला तर मेंदी मी काढणार नाही, आणि तिच्याइतकी मेंदी आख्ख्या जुन्नरात कुणी काढत नाही. त्यामुळं कापणार जास्मिन आणि हर्षाली फक्त बोलणार. ते तिला जमतं.

मला भीती वाटतेय, हे सांगून टाकते. तुला काही झालं तर वहिनीला मी काय तोंड दाखवू? पण तू वर गेलाच नाहीस तर तू लग्नाला येशील, हसशील, जेवशील आणि आतून कायमचा बाजेवर बसशील, ह्याची भीती मला जास्त वाटते.

भागू


महाळुंगे पडवळ
२५ फेब्रुवारी

दादा,

आता तू फोन उचलतोस. सकाळपासून दोनदा बोललो, त्यात एकदा तू स्वतःहून केलास. पत्रिका वाटायला घेतल्या, पहिली व्याह्यांना दिली आणि प्रेसवाल्याचं नाव सोडलं. तरी हे लिहिते, कारण काल डोंगर चढताना तुला माझी पाठ दिसली, तोंड दिसलं नाही. पुढं काय चाललं होतं ते तुला कुणीतरी सांगायला पाहिजे.

गोठ्यामागून निघालो तेव्हाच माझ्या लक्षात आलं. आंब्यापर्यंतची वाट चांगली रुंद, गवत अगदी जमिनीलगत कापलेलं. पोरी शपथेवर सांगतात की त्यांनी आंब्याच्या वरचं कापलं, खालचं आधीच साफ होतं. असं गवत उभ्यानं कापलं जात नाही, बसून कापावं लागतं. तू किती दिवस बसून बसून पुढं सरकत होतास ते मी वहिनीला विचारलं नाही. मला तेव्हाच मागं वळायचं होतं. नाही वळले.

मग मी बोलत सुटले. तुला वाटलं असेल, बाईला वर जातानाही तोंडाला विसावा नाही. अरे, मी बोलत होते ते तुला कळावं म्हणून, की मी जवळच आहे, मला घाई नाही. बोलता बोलता कान मागं होते. काठीचा आवाज आला की मी एक पाऊल टाकायचे. काठी थांबली की माझ्या साडीला कुसळं लागायची. तू म्हणालास ना खाली आल्यावर, "केवढी कुसळं काढत व्हतीस गं." दादा, वाट साफ होती. एकही कुसळ नव्हतं.

पळस फुललाय, पांगारा फुललाय, हे मी तीन तीनदा सांगितलं तेही त्यासाठीच. वणव्यानं जळालेला तो काळा पट्टा लागला, तिथं पायाखालची राख भुसभुशीत आणि दगड सुटे. तिथं तुझी काठी थांबली ती थांबलीच. माझा पांगारा सांगून झाला. पळस सांगून झाला. भगवंत भावजींच्या ड्रोनची गोष्ट सांगून झाली. मागून काही नाही, श्वास पण ऐकू येईना. माझी मान अशी ताठली की आज शेकते आहे. मी मनात कळमजाईला म्हटलं, बाई, हा माणूस बाजेवर बरा होता, मी कशाला आणला?

तेवढ्यात मागून आलं, "चाल की. पांगारा काय पळून चाललाय?"

मला म्हणालास. दोन महिन्यांत पहिलं वाक्य, आणि तेही खेकसून. माझ्या डोळ्यांपुढं वाट दिसेना. पदरानं तोंड पुसत चालत होते, तुला वाटलं घाम.

पुढं कातळ आला. मी आधी चढले, चार पायांवर, त्याचं वर्णन करत नाही. मग वर पालथी पडले आणि हात खाली सोडला. बघायचं नाही म्हणून डोळे गच्च मिटलेले. तू हात धरलास. हात घामानं ओला होता, आणि तुझं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं, आणि मी इंच इंच पुढं घसरायला लागले. छातीखालची खडी सुटत होती.

"भागे, डोळं उघड," तू म्हणालास. "न्हाईतर दोघं बी खाली जाऊ."

"तूच बंदी घातलीस."

"बंदी चालन्यापुरती व्हती. उघड."

उघडले. तू खाली उभा, तोंड लालबुंद, मिशीवर राख, एका पायावर सगळा भार, आणि हसत होतास. इतके दिवस मी जीव मुठीत धरून होते की थकलेला म्हातारा दिसेल, आणि मला ते बघवणार नाही. बघवलं की. थकला होताच, पण माझा भाऊ होता. मग मी डाव्या हातानं करवंदीचं खोड धरलं, तू पाय कुठं ठेवायचा ते मी सांगितलं, आणि आलास वर. माझ्या अंगावरच पडलास, पण आलास.

देवीपुढं तू जे बोललास ते तुझ्या लक्षात नसेल, तू फोनवर म्हणालास काहीबाही बोललो. काहीबाही नाही. माझ्या लक्षात आहे, लिहून ठेवते. तू पत्रिका ठेवलीस, तांदूळ ठेवले, टोपी काढून हातात घेतलीस आणि म्हणालास, "आई, पावसाळ्यापास्नं आलो न्हाई. गुडघं गेलं. लाज वाटली म्हनून कुनाला सांगितलं न्हाई, तुला बी न्हाई. आता आमच्या भागूच्या हर्षालीचं लगीन हाय. मी तिचा मामा. बोलवायला आलोय, यायचं."

हर्षाली तुझ्या पाया पडली आणि उठेना. जास्मिननं मला रुमाल दिला, मग तिलाच लागला म्हणून परत घेतला. तू आमच्या तिघींकडं बघून म्हणालास, "लगीन हाय का मयत?" आणि नारळ फोडलास.

उतरताना मी म्हटलं, मी पुढं होते, तू माझ्या खांद्याला धर. तू ऐकलं नाहीस. "मागल्या बारीला बसून आलीस खाली. तू घसरतीस, मी पुढं होतो," म्हणालास आणि निघालास. काठी टेकत, आडवे आडवे पाय टाकत, एकेक दगड चाचपत. राखेच्या पट्ट्यात तर किती सावकाश. मला वाटलं, पाय दुखतायत म्हणून थांबतोस.

मग कळलं. मागं बघायची बंदी तुला नव्हती. दर वळणावर तू काठी रोवून मागं वळत होतास, आणि मी आले का ते बघूनच पुढचा पाय टाकत होतास.

भागू